पांढरा म्हणजे नेमका कोणता

४ ऑगस्ट

निश्चय: मॉनिटर कॅलिब्रेट करायचा, म्हणजे त्याचे रंग मोजून बरोबर करायचे. यात आता बदल नाही.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मलाच शंका यायला नको. भिंगरीच्या चित्रांचं प्रदर्शन नोव्हेंबरात आहे. पहिलंच, आणि तिचं एकटीचं. कॅटलॉगचे फोटो, आमंत्रणाचं कार्ड, विकायला ठेवायचे प्रिंट, सगळं माझ्याकडे. गॅलरीवाल्या बाई त्यांचा फोटोग्राफर देत होत्या. भिंगरीनं त्यांना फोनवर सांगितलं की फोटो बाबाच काढणार, रंगाच्या बाबतीत बाबांची नजर पक्की आहे. (मी दाराआड होतो. ऐकायला उभा नव्हतो, चप्पल शोधत होतो.)

आज पहिले प्रिंट आणले. ही म्हणाली, निळे आलेत. भिंगरीनं प्रिंट खिडकीशी नेऊन पाहिला आणि परत आणून टेबलावर उपडा ठेवला. मग मी तोच फोटो स्क्रीनवर तासभर पाहिला. अजिबात निळा नाही. उलट किंचित पिवळाच वाटतो. म्हणजे हिशेब सरळ आहे. माझी स्क्रीन खोटं बोलते.

५ ऑगस्ट

सकाळपासून वाचन. विषय समजला. माउसएवढं एक यंत्र असतं. ते वायरीनं स्क्रीनवर लटकवायचं. स्क्रीन एकेक रंग दाखवते, यंत्र तो मोजतं आणि चूक असेल तिथे कान पिळतं. झालं.

यंत्रं तीन प्रकारची. स्वस्त, मधलं आणि महाग. महाग हा विषय या घरात काढण्यासारखा नाही. स्वस्त यंत्र पांढरा नीट करतं पण ब्राइटनेस आपल्या मनाजोगा ठरवू देत नाही, आणि प्रिंट काढणाऱ्याला तेच हवं असतं, कारण स्क्रीन भगभगीत असली की प्रिंट काळवंडलेला येतो. मधलं यंत्र दोन्ही करतं. मग मधलंच.

उद्या ऑर्डर.

९ ऑगस्ट

ऑर्डर नाही. मधल्या प्रकारात चार यंत्रं आहेत हे तेव्हा माहीत नव्हतं. तक्ता करायला घेतला आहे. उभ्या रकान्यात यंत्रं, आडव्यात गुण. हिनं डोकावून विचारलं की मुलीच्या लग्नासाठी स्थळं बघताय का. उत्तर दिलं नाही.

१६ ऑगस्ट

तक्ता वाढला. प्रत्येक यंत्राबद्दल निम्मे लोक म्हणतात यासारखं दुसरं नाही, निम्मे म्हणतात पैसे पाण्यात. मला सल्ला हवा होता, म्हणून मेहुण्याला फोन केला. ती चूक झाली. गेल्या वर्षी त्याचं डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून त्याला सगळ्या जगाचे डोळे बिघडलेले दिसतात. म्हणाला, यंत्र नंतर घ्या भावोजी, आधी डोळे दाखवा.

अडतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो मी. केसाएवढी रेघ अर्धा केस सरकली तर मला कळायची. फोन ठेवला. आपटला नाही, ठेवला.

२१ ऑगस्ट

जुनं यंत्र घेण्याचा विचार. एका माणसाकडे आहे, अगदी कमी किमतीत देतो. मग वाचलं की जुन्या यंत्रातल्या काचा वर्षानुवर्षांत पिवळ्या पडतात आणि यंत्र चुकीचं मोजू लागतं. त्याला स्वतःला ते कळत नाही, आकडे मात्र छातीठोक सांगतं. असलं यंत्र फुकट मिळालं तरी नको.

२४ ऑगस्ट

वेगळी तक्रार. माझे पांढरे शर्ट पिवळे पडायला लागलेत. हिला सांगितलं. ती म्हणाली, चांगले पांढरेशुभ्र आहेत. साबण बदलायची विनंती केली. फेटाळली गेली. शेवटी मीच नीळ आणली आणि बादलीत घातली. पहिल्या वेळी कमी पडली.

२ सप्टेंबर

आज भिंगरीकडे गेलो, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, तिथेच ती चित्रं काढते. तिचं मोठं चित्र पूर्ण झालंय. खिडकीजवळचं हिचं शिवणयंत्र, त्यावर अर्धवट शिवलेलं झबल्याचं कापड, आणि मागच्या भिंतीवर दुपारचं ऊन. भिंगरी लहान असताना यंत्राखाली चिंध्या घेऊन बसायची, तिथून जसं दिसायचं तसं काढलंय. माणूस एकही नाही, पण ही आत्ताच उठून गेलीय असं वाटतं. मला भरून आलं. ते मी दाखवलं नाही.

मी विचारलेल्या प्रश्नालाच उत्तर देतो, न विचारता मत देत नाही. पण तिनं विचारलं. चार वर्षांची असल्यापासून विचारते. कागद घेऊन यायची आणि मी काय म्हणतो त्याकडे तोंड वर करून बघत राहायची. मी खरं तेच सांगितलं. चित्र उत्तम, पण भिंतीला कावीळ झालीय. पिवळा फार. थोडा निळा मिसळून थंड कर.

ती बराच वेळ चित्राकडे बघत होती. नक्की ना, असं दोनदा विचारलं. मी म्हणालो, नक्की.

निघण्याआधी चित्राचे फोटो काढून घेतले. असू देत रेकॉर्डला.

१० सप्टेंबर

भिंगरीनं भिंत बदलली! पूर्ण. आता खरी दुपार वाटते. सांगितलेलं ऐकणारी मुलं आजकाल कुठे मिळतात.

हिनं पाहिलं आणि म्हणाली, ट्यूबलाइटखाली शिवत बसल्यासारखं वाटतंय, आणि खाली निघून गेली. हिला चित्रातलं कळत नाही, स्वयंपाक मात्र उत्तम करते. (हे वाक्य वहीबाहेर जाता कामा नये.)

बदललेल्या चित्राचे नवे फोटो काढले. स्क्रीनवर किंचित पिवळे. सुधारले.

१८ सप्टेंबर

यंत्र अजून घेतलेलं नाही, याला घाई न करणं म्हणतात. तोपर्यंत कार्डाचा नमुना छापायला दिला. प्रिंटवाल्यानं फोन करून विचारलं, हा निळा मुद्दाम आहे का. म्हटलं, कुठला निळा. तो म्हणाला, सगळाच. मग वर ग्लॉसी कागद घ्या, झळाळी येते, असंही सांगितलं. त्याला प्रत्येक दुखण्यावर ग्लॉसी कागदच सुचतो. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात. याला निळं दिसतं, हा कोणता रोग?

ही ओट्याशी उभी होती. म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडे. मी म्हणालो, अंगण वाकडं आहे का हे मोजायलाच तर यंत्र घेतोय. ती भाजी चिरत राहिली.

२९ सप्टेंबर

ऑर्डर केली! मधल्यातलं सर्वांत स्वस्त. खरं म्हणजे तक्त्यात दुसरं यंत्र पहिलं आलं होतं, पण ते संपलं होतं. याला उशिराचं नशीब म्हणावं लागेल.

६ ऑक्टोबर

यंत्र आलं. छोटं, काळं, देखणं. सूचना वाचल्या नाहीत, कारण गरज नव्हती. लटकवलं, बटण दाबलं. पंधरा मिनिटं रंगांची मिरवणूक झाली आणि शेवटी स्क्रीन अशी झाली की हिनं बाहेरून विचारलं, काही जळलं का.

पहिल्याच दिवशी कंपनीची सदोष वस्तू पदरात पडली. तक्रारीचा मेल लिहिला. कडक.

७ ऑक्टोबर

यंत्राच्या डोळ्यावर पांढरं झाकण असतं, ते काढून मोजायचं असतं. भिंगरीनं येता-जाता काढलं. मी तिला म्हणालो, ते मला ठाऊक होतं, नुसती चाचणी चालली होती. मेल अजून पाठवला नव्हता, हे बरं.

पुन्हा मोजलं. रिपोर्ट आला. वाचून विश्वास बसेना. मॉनिटर आधीपासूनच जवळजवळ बरोबर होता. पांढरा बरोबर, करडा बरोबर, फक्त ब्राइटनेस जास्त. तो कमी केला.

म्हणजे स्क्रीन खरं बोलते? मग मला ती पिवळी का दिसते?

उत्तर: मधल्यातलं सर्वांत स्वस्त घेतलं की असंच होतं. यंत्र हे शेवटी यंत्र. ते नोकर, मालक माझी नजर. यंत्राच्या मापावर हातानं थोडा निळा वाढवला. आता छान दिसतंय.

१५ ऑक्टोबर

कार्डं छापून आली. सगळी. ही एक कार्ड हातात घेऊन खुर्चीत बसली. ही गप्प बसली की घरात भीती वाटते.

गॅलरीवाल्या बाईंचा फोन भिंगरीनं गच्चीवर घेतला. या वेळी मी चप्पल शोधत नव्हतो, खरंच ऐकत होतो. बाई म्हणत असाव्यात की सगळं निळं आहे, आमच्या माणसाकडून पुन्हा करून घेऊ. भिंगरी म्हणाली, नको, कार्डाचा तोच मूड आहे. मुद्दाम केलंय.

तिनं असं का सांगितलं? मी कुठे मुद्दाम केलंय?

जेवण गेलं नाही. हिला म्हटलं, ॲसिडिटी.

२० ऑक्टोबर

काल दिवसभर शोधून कारण सापडलं. खोलीतला बल्ब. पिवळा प्रकाश पडतो, म्हणून स्क्रीन पिवळी दिसते. बल्ब बदलला. जुना आणि नवा हातात धरून पाहिले, दोन्ही सारखेच पिवळे. आजकाल सगळ्याच मालाची प्रत घसरली आहे.

१४ नोव्हेंबर

उद्घाटन. झोपण्याआधी लिहून टाकतो, नाहीतर झोप लागणार नाही.

गर्दी चांगली. भिंगरी किती हळू आवाजात बोलते, हे आज चारचौघांत पाहून कळलं. मी पांढरा शर्ट घातला होता, खास धुतलेला. मेहुणा आला आणि म्हणाला, आकाशी रंग शोभतो तुम्हाला. मी हसलो. आकाशी कुठला!

शिवणयंत्राचं चित्र मोठ्या भिंतीवर असेल असं वाटलं होतं. ते आतल्या बोळात होतं, पाण्याच्या पिंपाजवळ. त्यापुढे एक बाई थांबल्या. मी शेजारीच होतो, कोण आहे ते सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, चांदणं छान पकडलंय. मी म्हटलं, चांदणं नाही, दुपारचं ऊन आहे. त्या हसल्या. त्यांना वाटलं मी विनोद केला. मागे भिंगरी उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं तर ती जमिनीकडे बघत होती.

परतताना ही माझ्या हाताला धरून पायऱ्या उतरवत होती. मी म्हटलं, मला दिसतंय. ती म्हणाली, मला माहीत आहे. पण हात सोडला नाही.

२३ नोव्हेंबर

प्रदर्शन संपलं. काही चित्रं गेली. शिवणयंत्र परत आलं. भिंगरीनं ते भिंतीकडे तोंड करून ठेवलंय.

सगळी चूक त्या बोळातल्या दिव्यांची.

३ डिसेंबर

हिचे डोळे दुखतात म्हणाली, सोबत या. गेलो. तिथे गेल्यावर कळलं की नंबर माझ्या नावानं लावलेला होता. इतक्या वर्षांच्या संसारात ही एवढं खोटं बोलू शकते हे मला माहीत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी तक्ता वाचायला लावला. खडाखडा वाचला, शेवटच्या दोन ओळी सोडून. त्यांची छपाई वाईट आहे. मग त्यांनी एक पांढरा कागद दाखवून रंग विचारला. मी म्हटलं, कोणत्या प्रकाशात ते आधी सांगा, पांढरा म्हणजे नेमका कोणता पांढरा, त्याचे प्रकार असतात. त्या लिहीत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलाय. आतली काच वर्षानुवर्षांत हळूहळू पिवळी पडते. माणसाला स्वतःला ते कळत नाही.

हे वाक्य मी कुठेतरी वाचलं होतं.

मोतीबिंदू म्हाताऱ्यांना होतो, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी माझं वय विचारलं. मी सांगितलं. त्यांनी तेही लिहून घेतलं.

४ डिसेंबर

ऑपरेशन करणार नाही. डोळे माझे आहेत.

५ डिसेंबर

हिनं एवढंच विचारलं की मग भिंगरीचं पुढचं चित्र कोण बघणार. तारीख घेतली.

९ जानेवारी

काल उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आज सकाळी पट्टी काढली. घाबरलो होतो, हे कबूल. डॉक्टरीणबाईंच्या कोटाकडे पाहिलं आणि मला वाटलं त्यांनी दिवा लावून ठेवलाय कोटात. इतका पांढरा! खिडकीबाहेरचं आकाश निळं होतं. निळं, म्हणजे निळं. मी किती वर्षं ते पाहिलं नव्हतं?

घरी येईपर्यंत एकच खेळ केला. डावा डोळा बंद, जग धुतलेलं. उजवा बंद, जग जुन्या फोटोसारखं. रिक्षात हिनं विचारलं, डोळे का मिचकावताय, लोक काय म्हणतील. तिच्या केसांत किती पांढरे आलेत हेही आज दिसलं. तिला सांगितलं नाही.

घरी कपाट उघडलं. माझे पांढरे शर्ट एका ओळीत टांगलेले. सहाच्या सहा आकाशी. मी हसायला लागलो. ही आली, ती पण हसायला लागली. मग मी हसायचा थांबलो, कारण मला भिंगरीचं चित्र आठवलं.

११ जानेवारी

स्क्रीनवर बसायची परवानगी आज मिळाली. दोन वर्षांतले सगळे फोटो उघडले. मेहुण्याच्या मुलीचा साखरपुडा, सगळे पाहुणे गारठलेले. बागेतली फुलं गारठलेली. ही माझ्यासमोर हसतेय, आणि ओठ निळे. स्क्रीन बरोबर होती. बल्ब बरोबर होता. प्रिंटवाला बरोबर होता, ग्लॉसी कागद सोडून. मधल्यातलं सर्वांत स्वस्त यंत्र पहिल्या दिवशीच मला खरं सांगत होतं, आणि मी त्याला नोकर म्हणालो.

गच्चीवर गेलो. भिंगरी घरी नव्हती. चित्र वळवून सुलटं केलं.

हिच्या शिवणयंत्रावर ऊन नव्हतं. भिंत कुठल्याशा दवाखान्याची वाटत होती. झबल्याचं कापड गार पडलेलं. तिथून कोणी आत्ता उठून गेलंय असं वाटत नव्हतं, तिथे फार दिवस कोणी आलंच नाही असं वाटत होतं. मी खाली बसलो. 

संध्याकाळी तिला विचारलं, तुला तेव्हा दिसत नव्हतं का गं हे. ती म्हणाली, दिसत होतं. मग का केलंस? तर म्हणाली, तुम्ही नक्की म्हणालात म्हणून. एवढंच. आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

वाईट वाटतं. याला दुसरा शब्द सापडत नाही आणि शोधायचाही नाही. एका चित्रात तिनं सगळं बालपण घातलं होतं, त्यावर मी माझा मोतीबिंदू फासला.

१३ जानेवारी

दोन दिवस कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. आज काही सुचेना म्हणून सप्टेंबरचे फोटो उघडले. दोन तारखेचा फोटो सापडला. भिंत बदलण्याआधीचा. तोही मी निळा करून ठेवलेला होताच. किती सरकवलं होतं ते बघावं म्हणून रीसेट दाबलं. माझे सगळे संस्कार एका क्षणात उतरले.

आणि ऊन आलं. भिंतीवर, शिवणयंत्राच्या चाकावर, कापडाच्या घडीत. तीन वाजताचं, डोळ्यावर झापड आणणारं ऊन. कॅमेऱ्याला मोतीबिंदू नव्हता. जसं होतं तसं त्यानं ठेवून दिलं होतं, आणि मी त्याला हात लावेपर्यंत ते चांगलं होतं.

यंत्र लटकवलं. झाकण काढून. स्क्रीन पुन्हा मोजली, हातानं वाढवलेला निळा काढून टाकला. जे मोजलं ते मानलं. फाइल प्रिंटवाल्याकडे पाठवली आणि खाली लिहिलं, काही बदलू नये. कागद मॅट.

१५ जानेवारी

प्रिंट आला. स्क्रीनवर दिसला तसाच, पहिल्या फटक्यात. इतक्या महिन्यांत असं एकदाही झालं नव्हतं.

भिंगरीला दिला. तिनं खिडकीशी नेला. मला ती खिडकी आता आवडत नाही. बराच वेळ उभी होती. या वेळी उपडा ठेवला नाही. मागे न बघता विचारलं, बाबा, यात काय काय केलंत. मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, म्हणूनच.

मग तिनं चित्र स्टँडवर चढवलं, शेजारी प्रिंट चिकटवला आणि पिवळ्या रंगाची ट्यूब उघडली. आज तीन वाजता ऊन होतंच. पहिला फटकारा भिंतीच्या कोपऱ्यात मारला आणि सवयीनं माझ्याकडे बघितलं, लहानपणी बघायची तसं, तोंड वर करून.

तोंडापर्यंत आलं होतं की अजून थोडा पिवळा चालेल. पण डावा डोळा अजून व्हायचाय. चहा टाकायला खाली आलो.